समुद्रातली जुनी विहीर

आमच्या पारनेर तालुक्यात विहिरीचे पाणी खाली गेले, तरी शेतकरी विहीर बुजवत नाही. आत उतरून आडवे बोअर मारतो. मुंबईसमोरच्या अरबी समुद्रात ओ.एन.जी.सी. हेच करीत आहे. मुंबई हाय १९७४ साली सापडले, वसईचे गॅसक्षेत्र १९७६ साली. वर्षानुवर्षे गॅस काढला की खडकातला दाब उतरतो. मग प्लॅटफॉर्मवर कॉम्प्रेसर बसवून गॅस किनाऱ्याकडे रेटावा लागतो, जुन्या बोअरमधूनच बाजूला दुसरा बोअर काढावा लागतो.

याला पैसा लागतो. म्हणून सरकारने एप्रिल २०२३ मध्ये अशा क्षेत्रांतल्या नव्या व दुरुस्त विहिरींच्या गॅसला ठरल्या दरावर २० टक्के जादा भाव मंजूर केला. आमच्या कापडधंद्यातले काही भाऊ कुरकुरतात, की रंगाई महागेल. मला हे पटत नाही. देशाला लागणारा जवळपास निम्मा गॅस जहाजाने येतो, तोही डॉलर मोजून. आखातात लढाई पेटली की त्याचा भाव चढलाच! त्यापेक्षा हे २० टक्के परवडले.

जानेवारी २०२५ मध्ये मुंबई हायसाठी बी.पी. या ब्रिटिश कंपनीची दहा वर्षांसाठी तांत्रिक मदत घ्यायचे ठरले. गॅस खरोखर किती वाढला, याचा हिशेब मात्र दरवर्षी लोकांपुढे यावा.