वेळ बदला, गोळी सोडू नका

मागच्या रमजानमधली गोष्ट. इफ्तारला मामूंकडे गेलो होतो. त्यांच्या बायपासला आठ महिने झालेले. सहज औषधांचा डबा पाहिला, तर आठवडाभरात अ‍ॅस्पिरिनची एकही गोळी कमी झालेली नव्हती. विचारलं तर म्हणाले, ''रोजे में गोली कायकू? खाली पेट आग होती.''

मामू शिकलेले, पाच वक्तांचे नमाजी. खोट श्रद्धेत नव्हती, माहितीत होती.

बायपासमध्ये पायातली शीर किंवा छातीतली धमनी वापरून हृदयाला रक्ताची नवी वाट करून देतात. त्या वाटेत गुठळी होऊ नये म्हणून अ‍ॅस्पिरिन असते. ती रक्तातल्या प्लेटलेट्सना एकमेकींना चिकटू देत नाही. प्लेटलेटचं आयुष्य ७ ते १० दिवसांचं, आणि शरीर रोज नव्या प्लेटलेट्स तयार करतं. त्यामुळे एखादा दिवस गोळी चुकली तर आभाळ कोसळत नाही; पण आठवडाभर बंद राहिली की तिचं संरक्षण जवळजवळ संपतं. रमजान तर महिनाभराचा!

बहुतेकांना ही गोळी दिवसातून एकदाच, जेवणानंतर घ्यायची असते. डॉक्टरांना विचारून ती इफ्तारच्या जेवणानंतर घेता येते. पोटात आग होत असेल, तर तेही त्यांनाच सांगावं. ऑपरेशन नुकतंच झालं असेल, इन्सुलिन चालू असेल किंवा दिवसातून तीनदा औषधं असतील, तर रोजा झेपेल का, हे चाँद दिसण्याआधीच विचारायला हवं.

डॉक्टर 'नको' म्हणाले तर? कुरआनच्या सूरह बकरामध्ये (आयत १८४-१८५) आजारी माणसाला सवलत आहे. बरं झाल्यावर तेवढे रोजे पूर्ण करावेत. बरं होण्याची आशाच नसेल, तर प्रत्येक रोजाबद्दल एका गरजूला जेवू घालावं, तो फिदिया. अल्लाहनेच दिलेली सवलत घेण्यात कमीपणा कसला?

हे फक्त रोजेदारांपुरतं नाही. आपल्या वेळापुरात माउलींची पालखी मुक्कामाला येते. पुढे आषाढी एकादशी. 'आज उपवास, आज गोळी नको' हे त्या दिवशीही कानावर येतं. दात काढायचा म्हणून आपल्या मनाने अ‍ॅस्पिरिन बंद करणारेही आहेत. कधी थांबवायची आणि कधी नाही, हे हृदयाच्या डॉक्टरांनी ठरवावं. बायपासच्या आधीसुद्धा ती बहुधा चालूच ठेवतात. क्लोपिडोग्रेल मात्र साधारण ५ दिवस आधी थांबवतात. दोन्ही रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, पण नियम वेगळे.

मामूंनी त्याच रात्री डॉक्टरांना फोन केला. दुसऱ्या दिवसापासून जेवण, मग गोळी, मग तरावीह असा क्रम लागला. बाकीचे सगळे रोजे त्यांनी ठेवले.

यंदा इफ्तारचं ताट शेजारी पाठवाल, तेव्हा घरातल्या बुजुर्गांना एवढं जरूर विचारा, ''गोळी घेतली का?''