लहरींचे शास्त्र आणि जमिनीचा प्रश्न

धारवाड म्हटले की गोमंतकीय रसिकाला मल्लिकार्जुन मन्सूर आठवतात आणि हुबळी म्हटले की गंगूबाई हनगल. मुक्तीपूर्वी पदवीच्या ओढीने घाट चढणारे आमचे तरुण बेळगाव-धारवाडचीच वाट धरीत. त्या वाटेकडे आज पुन्हा पाहण्याचे कारण निराळे आहे. २०१६ साली गोवा आणि धारवाड येथे एकाच वर्षी आयआयटी सुरू झाल्या. दोघींचाही संसार प्रथम परक्या छपराखाली मांडला गेला. १२ मार्च २०२३ रोजी धारवाडच्या संस्थेच्या कायम वास्तूचे उद्‌घाटन झाले. गोव्याची मात्र फर्मागुडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या आवारात पाहुणीच राहिली.

यात बिघडले काय, असे कोणी विचारील. उत्तरादाखल एकच शास्त्र घेऊ. मायक्रोवेव्ह, म्हणजे सूक्ष्मलहरी, यांच्यावर आज रडार, उपग्रह आणि खिशातला फोन चालतो. या लहरींना हवे तसे वळविणारा ‘मेटामटेरियल’ नावाचा कृत्रिम पदार्थ आता घडविता येतो. लहर उलट्या दिशेने वाकविणारा पदार्थ असू शकेल, हे व्हिक्टर व्हेसेलागो या रशियन शास्त्रज्ञाने १९६७ साली गणिताने मांडले. २००० च्या सुमारास अमेरिकेत तांब्याच्या लहान कड्या आणि तारा रचून तो प्रत्यक्षात आला. या पदार्थाचा गुण द्रव्यापेक्षा रचनेत असतो. आपल्या जगदीशचंद्र बसूंनी तर १८९८ सालीच पिळलेल्या तागाने सूक्ष्मलहरींची कंपनदिशा फिरवून दाखविली होती.

दहा गिगाहर्ट्‌झची लहर तीन सेंटिमीटर लांबीची. तिच्यासाठी कोरावयाच्या आकृत्या काही मिलिमीटरांच्या. रेडिओत असते तशा तांब्याचा पत्रा चढविलेल्या पट्टीवर त्या कोरता येतात. हे काम लहान गावातील महाविद्यालयही करू शकेल. खर्च आणि स्थैर्य लागते ते मापनाला. त्यासाठी भिंतींना लहरी शोषणारे शंकू बसविलेली, प्रतिध्वनिरहित अशी मोठी खोली हवी. ती बिऱ्हाडाच्या घरात बांधवत नाही. धारवाडला तिच्यासाठी स्वतःची जमीन आहे, आम्हाला नाही.

याचा दोष गावकऱ्यांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. शेळ-मेळावलीच्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या काजूच्या बागायती वाचविण्यासाठी लढा दिला आणि जानेवारी २०२१ मध्ये सरकारला माघार घ्यावी लागली. पुढेही जागांची नावे निघाली, विरोध झाला, नावे मागे पडली. प्रत्येक वेळी आधी आखणी आणि मग समजूत, हा उलटा क्रम चालला. आधी कसणाऱ्याच्या नावावर त्याची जमीन करा, मग उरलेल्या जमिनीची बोलणी त्याच्या अंगणात बसून करा, असे आमचे सांगणे आहे.

विद्येसाठी घाट चढणे आमच्या आजोबांना भाग होते, कारण राज्य परक्यांचे होते. आमच्या नातवंडांना ते भाग पडले, तर कारण सांगण्यासाठी परके कोणी उरलेले नाही.