दुपटीचा डाव कॅसिनोच्याच पथ्यावर

गोव्याला निघालेल्या मित्रमंडळींत हल्ली एखादा तरी कॅसिनोची ‘सिस्टीम’ शिकून आलेला असतो. रूलेटच्या चक्रावर लाल किंवा काळा रंग धरायचा, हरलो की पुढच्या डावाला दुप्पट लावायचे, पुन्हा हरलो की पुन्हा दुप्पट. रंग कधीतरी येणारच. आला की मागचे सगळे वसूल, वर पहिल्या डावाइतका नफा. युरोपात ही पद्धत ‘मार्टिंगेल’ या नावाने अठराव्या शतकापासून चालत आली आहे. व्हेनिसमध्ये ती वापरून कॅसानोव्हा आधी जिंकत गेला आणि मग कफल्लक झाला. हे त्यानेच आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे. आज तीच पद्धत मोबाईलवरच्या व्हिडिओंतून हमखास कमाई म्हणून शिकवली जाते. मला याची चीड येते, कारण शिकवणारे अर्धाच हिशेब सांगतात.

पुरता हिशेब असा. एका शून्याच्या रूलेटला ३७ घरे असतात : १८ लाल, १८ काळी आणि एक हिरवे शून्य. लालवर लावले तर १८ घरे आपली, १९ कॅसिनोची. समजा, टेबलावर कमीत कमी १०० आणि जास्तीत जास्त २०,००० रुपये लावता येतात. १००, २००, ४०० असे दुप्पट करत गेल्यास आठवा डाव १२,८०० रुपयांचा होतो. तोही गेला तर नवव्याला २५,६०० हवेत आणि तेवढे टेबल घेतच नाही. तोवर खिशातून २५,५०० रुपये गेलेले असतात. मिळणार किती होते? फक्त १००.

शंभरापासून सुरू करून जिंकेपर्यंत किंवा आठवा डाव जाईपर्यंत एक फेरी धरली, तर सलग आठ डाव हरण्याची पाळी सरासरी २०७ फेऱ्यांत एकदा येते. म्हणजे २०६ वेळा शंभर-शंभर करून २०,६०० जमवायचे आणि एकाच फेरीत २५,५०० घालवायचे.

मर्यादा नसलेले टेबल मिळाले तरी सुटका नाही. १८ ऑगस्ट १९१३ रोजी मॉन्टे कार्लोच्या कॅसिनोत रूलेटवर सलग २६ वेळा काळा आला. आता तरी लाल येईल म्हणून लोक पैसे ओतत राहिले आणि बुडाले. चक्राला मागचे काही आठवत नसते. त्या रात्री शंभराने सुरुवात करून लालवर दुप्पट लावत गेलेल्याला सव्विसाव्या डावाला ३३५ कोटी लागले असते.

काही जण सौम्य पद्धती धरतात. डालांबेरमध्ये हरल्यावर एकेका चकतीने डाव वाढवायचा, फिबोनाचीत त्या आकड्यांच्या क्रमाने. बुडण्याचा वेग कमी होतो, एवढेच. एका शून्याच्या चक्रावर लावलेल्या प्रत्येक १०० रुपयांमागे सरासरी २ रुपये ७० पैसे कॅसिनोचे. दोन शून्ये असली तर ५ रुपये २६ पैसे. रक्कम कोणत्याही क्रमाने लावा, हा वाटा बदलत नाही. पद्धत फक्त तोट्याची वाटणी बदलते : पुष्कळ छोटे विजय आणि एक मोठा घाव. धोका त्या छोट्या विजयांतच आहे. पहिल्या संध्याकाळी बहुतेक जण जिंकतात आणि पद्धत सिद्ध झाली असे समजून दुसऱ्या दिवशी मोठी रक्कम घेऊन येतात.

कॅसिनो कोणाला घाबरतो ते पाहा. एडवर्ड थॉर्प यांनी १९६२ मध्ये ब्लॅकजॅकमध्ये पत्ते मोजून जिंकण्याची रीत पुस्तकात मांडली, त्यानंतर लास वेगासच्या कॅसिनोंनी काही काळ खेळाचे नियमच बदलले. पत्ते मोजणाऱ्याला आजही बाहेरचा रस्ता दाखवतात. दुप्पट लावणाऱ्याला मात्र कोणी अडवत नाही. उलट रूलेटशेजारी मागचे आकडे दाखवणारा फलक लावतात, म्हणजे त्याने त्यात क्रम शोधत बसावे.

महाराष्ट्राने कॅसिनोंना परवानगी देणारा १९७६ चा कायदा कधी अमलात आणला नाही आणि २०२३ मध्ये तो रद्द केला. ते योग्यच झाले. गोवा सरकारने २०२० पासून गोवेकरांना कॅसिनोत खेळायला बंदी केली. आपल्या माणसांना ज्यापासून दूर ठेवायचे, ते पर्यटकाला चालते हे मला पटत नाही. निदान मागच्या आकड्यांच्या त्या फलकावर कॅसिनोचा वाटा मराठी, कोकणी आणि हिंदीत ठळक लिहिणे सक्तीचे करा.

मौज म्हणून खेळायचेच असेल, तर गेली तरी चालेल एवढीच रक्कम सोबत घ्या आणि हरल्यावर डाव वाढवू नका. सिस्टीम शिकवणारा भेटला, तर त्याला एकच विचारा : आठवा डाव गेल्यावर काय करायचे? त्याचे उत्तर मिळेपर्यंत पाकीट उघडू नका.