दुधाच्या चहाची वाट

भिवंडीत यंत्रमागाच्या खडखडाटाला चहाच्या किटलीची सोबत रात्रंदिवस असते. घरातील आजी-आजोबांची सकाळही चहावाचून उजाडत नाही. त्यामुळे हे पेय आपल्याकडे पूर्वापार चालत आले असावे, असा समज होतो. वस्तुतः सर्वसामान्यांच्या घरात ते रुळले त्याला फार तर शंभर वर्षे झाली असतील. त्याची वाट मात्र जुनी आणि लांबची आहे.

‘चहा’ हा शब्द मूळ चिनी ‘छा’शी नाते सांगतो. चीनमध्ये बहुतेक लोक तो दुधावाचून पितात. परंतु तिबेटात लोणी व मीठ घालून, तर मंगोलियात दूध व मीठ घालून पिण्याची जुनी रीत आहे. थंडी कडाक्याची आणि भाजीपाला दुर्मीळ, अशा प्रदेशात ते पेय नव्हे, जवळजवळ अन्नच होते. 1655 साली चीनला निघालेल्या डच वकिलातीबरोबर योहान न्यूहोफ होता. कॅन्टनच्या मेजवानीत चहाच्या काढ्यात पाव हिस्सा गरम दूध आणि किंचित मीठ घातले जात असल्याचे त्याने लिहून ठेवले आहे.

आपल्याजवळच्या सुरतेतही चहा होता आणि तो औषध म्हणूनही घेतला जाई. 1689 साली तेथे आलेल्या जॉन ओव्हिंग्टन या इंग्रज पाद्र्याने नोंदवले आहे, की वाणी लोक उष्ण मसाले, खडीसाखर किंवा लिंबू घालून चहा घेत आणि डोकेदुखी, मुतखडा व पोटातील मुरडा यांवर तो उपयोगी मानत.

पुढे आसामात मळे उभे राहिले आणि 1839 साली तेथील चहाचा लिलाव लंडनमध्ये झाला. हा माल मुख्यतः परदेशी जाई. 1903 साली निर्यातीवर उपकर बसवून त्या पैशातून प्रचार सुरू झाला. रेल्वे स्थानके आणि कापडगिरण्या यांत चहाची दुकाने आली. प्रचारकांना मसाला व जास्त दूध पसंत नव्हते, कारण त्याने पत्ती कमी लागे. लोकांनी मात्र आपल्या चवीनेच चहा उकळला. 1930च्या सुमारास दाणेदार ‘सीटीसी’ पत्तीचे यंत्र निघाले. ती स्वस्त, कडक आणि दुधासाखरेला पुरून उरणारी. त्याच दशकात हातमागाची भिवंडी यंत्रमागाकडे वळू लागली. थकवा व झोप मागे सारणारा कप पाळीत राबणाऱ्यांना जवळचा वाटला, यात नवल नाही.

हा इतिहास सांगण्याचे कारण आहे. कामगाराची भूक लांबवणारा चहा वृद्धाचीही भूक मारतो. ‘काही खात नाहीत, चहा-बिस्कीट तेवढे घेतात,’ असे आपण म्हणतो, तेव्हा जेवणाची जागा चहाने घेतलेली असते. चहातील घटक अन्नातील लोहाचे शोषण कमी करतात आणि दूध घातल्याने हा दोष नाहीसा होत नाही. म्हणून जेवण किंवा लोहाची गोळी आणि चहा यांत किमान तासाभराचे अंतर ठेवावे. थायरॉइडची गोळी पाण्याबरोबर, उपाशीपोटी घेऊन अर्ध्या ते एक तासानंतरच चहा द्यावा. झोप येत नसेल तर दुपारनंतरचा चहा आधी तपासावा. मधुमेह असल्यास दिवसभरातील प्रत्येक कपाची साखर मोजावी. पाणी मोजून देण्यास सांगितलेल्या हृदय वा मूत्रपिंडाच्या रुग्णाचा चहाही त्याच हिशेबात धरावा.

तथापि, चहा एकदम तोडू नये. नित्याची सवय एकाएकी मोडल्यास डोके दुखते, चिडचिड होते. शिवाय दारी आलेल्या माणसाबरोबरचा कप ही अनेक वृद्धांची उरलेली मोठी संगत असते. कप लहान करावा, पत्ती आणि साखर आठवड्याआठवड्याने कमी करावी आणि कोमट झाल्यावरच हाती द्यावा. थरथरत्या हाताला कान असलेला, अर्धाच भरलेला कप सोयीचा. पुढील तपासणीस जाताना दिवसात किती कप, किती वाजता, हे कागदावर लिहून न्यावे. डॉक्टरांना त्याचा उपयोग होईल.