जुगाडाचे कौतुक पुरे!

आपल्याकडे 'जुगाड' या शब्दाला हल्ली फार मान आला आहे. मोडके यंत्र कसेबसे चालते करणाऱ्याला आपण कल्पक म्हणतो, त्याची पाठ थोपटतो. सायकलच्या टायरला चिंधी बांधून कोणी घरी पोचला, तर मीही त्याचे कौतुक करीन. परंतु विजेच्या बाबतीत हे कौतुक मला मुळीच मान्य नाही. दिवाळी अंकात असले कडू बोलणे वाचकांना रुचो वा न रुचो.

विरार-नालासोपाऱ्याकडे नव्वदच्या दशकात गल्लोगल्ली व्हिडिओ गेमची दुकाने होती. 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स' या खेळाचे पोरांनी 'मुस्तफा' असे बारसे केले होते (मूळ नाव कोणाच्या जिभेवर बसणार?), आणि त्यापुढे शाळा चुकवणाऱ्यांची रांग लागे. त्या पेट्या आता भंगारात निघतात. गेल्या उन्हाळ्यात एका भंगारवाल्याने अशी एक पेटी माझ्यासमोर उघडली. आत फ्यूजच्या जागी तांब्याच्या तारेचा पिळा होता. पडद्याआधीचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर काढून वायरी नुसत्या एकमेकींना पिळल्या होत्या. वरची काळी टेप पाघळून चिकट झाली होती. अर्थिंगची हिरवी वायर तर मुळाशीच कापलेली.

"यात काय एवढं, मास्तर? मशीन वीस वर्षं चाललं की!"

चालले, हे खरे. कसे चालले ते ऐका. मी दहावीपलीकडे शिकलेलो नाही; पण एवढे समजायला पदवी लागत नाही. जुन्या काचेच्या पडद्यात 20 हजार व्होल्टच्या आसपास दाब असतो; तो मिस्त्रीच्या जिवाला घोर. पोराला मारायला आपली घरची 230 व्होल्टची वीज पुरते. त्या पडद्याच्या सर्किटाचा सांगाडा कित्येकदा थेट घरच्या विजेशी जोडलेला असतो, म्हणून तर मध्ये ट्रान्सफॉर्मर देतात. तो काढला आणि सांगाडा नाणे टाकायच्या लोखंडी दाराला टेकला, की दारात वीज आली. अर्थिंग शाबूत असते तर ती जमिनीत उतरून फ्यूज उडाला असता, आणि पोरे शिव्या देत घरी गेली असती. इथे उरतो पावसात भिजलेला, अनवाणी, हातात रुपया धरलेला मुलगा.

जाड तारेची कथा निराळी. 1 मिलिमीटर जाडीची तांब्याची तार वितळायला सुमारे 80 अँपिअर लागतात. त्याआधी भिंतीतली वायर पेटते.

आगीविषयी विरारकरांना मी काय सांगावे? 23 एप्रिल 2021 रोजी पहाटे विजय वल्लभ रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात आग लागली आणि 13 रुग्ण त्याच दिवशी दगावले. त्याच वर्षी 9 जानेवारीला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात 10 अर्भके गेली होती. तिथे जुगाड झाला होता, असे मी म्हणत नाही. पण 'असे कसे झाले?' हा प्रश्न आपण राखेपाशी विचारतो, मीटरच्या पेटीपाशी कधी विचारीत नाही.

'गरिबाला परवडत नाही हो,' हे ठरलेले उत्तर. कोणत्या गरिबाला? फ्यूजची तार चहाच्या पैशांत मिळते. त्या पेटीचा मालक रुपया-रुपया करून पोरांचे खिसे रिकामे करीत होता. पैसे वाचले त्याचे. जीव पणाला लागला दुसऱ्याच्या पोराचा. बरे, प्रामाणिक कारागिराला तरी आपण विचारतो काय? आमच्या गल्लीतला एक म्हातारा वायरमन अर्थिंग नसेल तर कामाला हात लावीत नसे. लोक त्याला खोडसाळ म्हणत आणि दुसऱ्याला बोलावून आणीत. तो दुसरा तासाभरात काम उरकून देई. विजेचे काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घ्यावे, असे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे नियम सांगतात. परवाना दाखवा म्हणणारा गिऱ्हाईक मी अजून पाहिलेला नाही. 'किती घेणार?' एवढेच सगळे विचारतात.

ती पेटी आता रंगवून वसईतल्या एका हॉटेलात ठेवली आहे, चालू स्थितीत. जुन्या आठवणींची हौस म्हणून! मुले तिच्याभोवती जमतात म्हणे. आतले काम नव्याने केले काय, अर्थिंग कोणी तपासले, हे मालकाला विचारायला मी येत्या रविवारी जाणार आहे. वसईकर वाचकांपैकी कोणाला सोबत यायचे असेल, त्याने जरूर यावे.