चेअरमनचा ट्रॅक्टर परत पाठवाल?

सहकारी वायनरीचा विषय आमच्या निफाड भागात मधूनमधून उगवतोच. द्राक्षाचे भाव पडले, व्यापारी पैसे बुडवून पळाला, अवकाळीनं मणी तडकले, की कुणीतरी पारावर म्हणतं, "साखर कारखान्याच्या धर्तीवर आपलीच वायनरी काढू." सहकाराला माझा विरोध नाही. त्या धर्तीला आहे.

उसाचं गणित सगळ्यांना पाठ आहे. एफआरपी, म्हणजे उसाला द्यायचा किमान दर, साखरेच्या उताऱ्याशी बांधलेली, पण उतारा अख्ख्या कारखान्याचा सरासरी. तुम्ही राबून गोड ऊस घाला, नाहीतर तोडीआधी पाट सोडून वजन वाढवा, टनाचा भाव एकच. साखरेत हे खपतं. पोत्यात कुणाचा ऊस गेला ते कोण विचारतो? वाईनची बाटली मात्र उघडली की सगळं सांगते.

स्पेनमध्ये कॅटालोनियाच्या तारागोना प्रांतात कापसानेस नावाचं लहानसं गाव आहे. तिथली द्राक्ष उत्पादकांची सहकारी संस्था 1933 ची. कित्येक वर्षं सभासदांनी द्राक्षं घालायची आणि संस्थेनं वाईन मोठ्या कंपन्यांना घाऊक विकायची, असाच कारभार होता. 1995 साली बार्सिलोनाच्या ज्यू समाजानं त्यांच्याकडं कोशर, म्हणजे ज्यू धर्मनियमांत बसणाऱ्या, वाईनची मागणी केली. कोशरच्या अटी कडक. वेलीच्या पहिल्या तीन वर्षांचं फळ चालत नाही. टाक्या, पाइप, सगळं धर्मनियमाप्रमाणं शुद्ध केलेलं लागतं. आणि द्राक्षं चिरडल्यापासून बाटलीला बूच बसेपर्यंत वाईन हाताळायची ती फक्त शब्बाथ पाळणाऱ्या ज्यू माणसांनी. म्हणजे ज्यानं बाग पिकवली, त्यानंच टाकीपासून लांब उभं राहायचं! आमच्याकडं कुणी असल्या अटी घेऊन आलं असतं, तर चहा पाजून वाटेला लावलं असतं.

कापसानेसच्या लोकांनी होकार दिला. पण एवढासा माल वेगळा ठेवायचा तर सगळ्यांची द्राक्षं एका हौदात ओतण्याची सोय संपली. लहान टाक्या आल्या, नवी यंत्रं आली, कुठल्या बागेतलं फळ कुठं जातंय हे बघणं आलं. त्यातून निघालेली लाल वाईन म्हणजे 'पेराज हाअबिब', गार्नाचा, कारिन्येना आणि काबेर्ने सोव्हिन्यों या तीन द्राक्षांचं ब्लेंड. ती गाजली आणि त्याच सामग्रीवर, त्याच शिस्तीत संस्था बाकीच्या चांगल्या वाईनही स्वतःच्या नावानं बाटलीत भरू लागली.

ब्लेंड म्हणजे सरमिसळ नव्हे, हे इथं नीट कळतं. गार्नाचा भरघोस, अल्कोहोल चढवणारं. कारिन्येनाचा आंबटपणा वाईनला जिवंत ठेवतो. काबेर्ने रंग आणि तुरटपणा देतं. प्रत्येकाची काय ताकद आहे हे माहीत असेल तरच मिसळण्याला अर्थ. काट्यावर सरसकट ओतलेल्या मालाचं ब्लेंड होत नाही, गाळ होतो.

आपल्याला शिस्त जमत नाही, असंही नाही. 2010 मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइडच्या अंशावरून आपली द्राक्षं युरोपात अडकली, तेव्हा गावोगाव शिव्यांची लाखोली वाहिली गेली. आज तेच बागायतदार बागेचा नोंदणी नंबर तोंडपाठ सांगतात, फवारणीची तारीख वहीत लिहितात, आणि सॅम्पल फेल झालं तर मुकाट माल लोकलला देतात. पण तिथं नाही म्हणणारा परका असतो. सहकारात नाही म्हणायचं ते चुलत्याला, मेव्हण्याला, मतदाराला. खरी गोम इथंच आहे.

त्यावर तोड नियमातच निघते. इटलीतल्या बार्बारेस्को गावच्या सहकारी वाईन संस्थेत सभासदाला पैसे द्राक्षाच्या प्रतीवर मिळतात. शिवाय त्यानं आपली सगळी नेबिओलो द्राक्षं संस्थेलाच घालायची. चांगलं बाहेर, उरलंसुरलं संस्थेला, हा आपला आवडता मार्ग तिथं बंद.

आमचे आप्पा माळकरी. दीड एकर शिराज आहे, वायनरीशी कराराची. घड मुद्दाम कमी ठेवतात, ब्रिक्स मीटर धोतराच्या सोग्यानं पुसून साखर स्वतः मोजतात, पण वाईनचा थेंब उंबऱ्याच्या आत येत नाही. कापसानेसच्या अटी त्यांना सांगितल्या तर म्हणाले, "बरोबर आहे की. ज्याचा नेम त्यानं पाळावा. आपण फळ नीट द्यावं." पण फळ नीट देणाऱ्याचं कुणी काढत नाही. जानेवारी 2022 मध्ये सुपरमार्केटमध्ये वाईन विकू देण्याच्या सरकारी निर्णयावरून राज्यभर रण माजलं, तेव्हा बाटली कुठं विकायची यावर सगळे बोलले. द्राक्षवाल्याला पैसे कशावर मोजून द्यायचे, याबद्दल आमच्या एकाही पुढाऱ्याच्या तोंडून मी शब्द ऐकला नाही.

म्हणून शेअर गोळा करायच्या आधी उपविधी लिहा. दर प्रतीनुसार. प्रत ठरवणारा तज्ज्ञ बाहेरचा, गावात ना मत ना भाऊबंद. सगळा माल संस्थेलाच. आणि कुजका घड दिसला तर ट्रॅक्टर काट्यावरूनच माघारी, मग तो चेअरमनचा का असेना. त्या कागदावर चेअरमन होऊ पाहणाऱ्यांच्या सह्या आधी घ्या. माझा शेअर त्यानंतर.