पंपात काय आहे, हे विचारा

जुनाट फुप्फुसरोगाच्या, म्हणजे सीओपीडीच्या, रुग्णाला पंप लिहून दिला की पहिला आक्षेप घरातूनच येतो: ‘पंपाची सवय लागते, त्यापेक्षा गोळी बरी.’ हा आक्षेप हिशेबात टिकत नाही. श्वासनलिका रुंदावणाऱ्या साल्ब्युटामॉलच्या नेहमीच्या गोळीत 4 मिलिग्रॅम औषध असते आणि पंपाच्या एका फवाऱ्यात 100 मायक्रोग्रॅम. म्हणजे एका गोळीत चाळीस फवाऱ्यांचे औषध! ते पोटातून रक्तात जाते आणि सगळ्या अंगात फिरते. हात थरथरतात, छाती धडधडते आणि फुप्फुसाच्या वाट्याला त्यातले थोडेच येते. पंप सहसा सुटत नाही हे खरे आहे, पण त्याचे कारण पंप नव्हे. धुराने अरुंद झालेल्या श्वासनलिका आणि विरलेले फुप्फुस पूर्ववत होत नाही, म्हणून तो सुटत नाही. रक्तदाबाची गोळी जन्मभर घेणाऱ्याला आपण व्यसनी म्हणत नाही. तेव्हा पंप घ्यावा की नाही, हा वाद माझ्या मते संपलेला आहे. खरा वाद पंपात काय असावे याचा आहे, आणि त्याकडे फार कमी लक्ष जाते.

दुसरी बाजू उलट टोकाची आहे: दोन औषधांचा जोडपंप एकट्या औषधापेक्षा भारी, तेव्हा दम लागणाऱ्या प्रत्येकाला तोच द्यावा. आपल्याकडे जोडपंप म्हणजे बहुधा श्वासनलिका दीर्घकाळ रुंद ठेवणारे औषध आणि सूज उतरवणारे स्टेरॉइड. दम्यात ही जोडी योग्यच आहे. या जोडीतले, श्वासनलिका दीर्घकाळ रुंद ठेवणारे सॅल्मेटेरॉल स्टेरॉइडच्या साथीशिवाय दम्यात घातक ठरू शकते, हे 2006 साली प्रसिद्ध झालेल्या, सव्वीस हजारांहून अधिक रुग्णांच्या चाचणीत दिसले: सॅल्मेटेरॉलच्या गटात दम्याने 13 मृत्यू, दुसऱ्या गटात 3. पण हा न्याय सीओपीडीला लागू होत नाही, कारण तिथली सूज वेगळ्या पेशींची आहे आणि स्टेरॉइडला ती फारशी दाद देत नाही. 2007 सालच्या ‘टॉर्च’ चाचणीत सुमारे 6,100 रुग्ण तीन वर्षे तपासले गेले. वर्षाला दर रुग्णामागे आजार बळावण्याचे प्रमाण औषधविरहित पंपाच्या गटात 1.13 होते, जोडपंपाच्या गटात 0.85. फायदा खरा आहे. पण एकट्या सॅल्मेटेरॉलनेही ते 0.97 वर आले होते, म्हणजे निम्म्याहून अधिक श्रेय त्याचेच. उरलेल्या फायद्याची किंमत न्यूमोनियाच्या रूपाने मोजावी लागली. तीन वर्षांत तो एकट्या सॅल्मेटेरॉलच्या गटात 13.3 टक्के रुग्णांना झाला आणि जोडपंपाच्या गटात 19.6 टक्क्यांना. मृत्यू कमी झाल्याचेही ठामपणे सिद्ध झाले नाही.

मग जोडपंप टाकून द्यावा का? मुळीच नाही, जोडी बदलावी. श्वासनलिका रुंदावणारी, दोन वेगवेगळ्या मार्गांनी काम करणारी दोन औषधेही एका पंपात मिळतात. 2016 सालच्या ‘फ्लेम’ चाचणीत अशा जोडीने स्टेरॉइडच्या जोडीपेक्षा आजार बळावण्याचे प्रमाण 11 टक्क्यांनी कमी केले, आणि न्यूमोनियाही कमी झाला. यावर 2018 सालच्या ‘इम्पॅक्ट’ चाचणीचा दाखला दिला जातो. तिथे स्टेरॉइडसह तीन औषधांचा पंप सरस ठरला, आणि हा आक्षेप वजनदार आहे. पण त्या चाचणीत पूर्वी दमा असलेले रुग्णही होते, आणि आधीपासून स्टेरॉइड घेणाऱ्या अनेकांचे ते एकदम बंद झाले होते. त्यामुळे दोन औषधांचा गट जास्त उणा दिसला असण्याची शक्यता आहे. शिवाय घेतलेले रुग्ण वारंवार आजार बळावणारे होते. त्यातून निष्पन्न इतकेच होते की अशा निवडक रुग्णांना स्टेरॉइड लाभते, आणि ते मला मान्य आहे.

निवड कशी करायची? ‘हे मोठ्या शहरातल्या तज्ज्ञाचे काम, बुलढाणा जिल्ह्यातल्या साखरखेर्ड्यासारख्या गावात कसे जमणार?’ असे विचारले जाईल. निवडीची पहिली पायरी साध्या रक्ततपासणीतच आहे. इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी रक्ताच्या दर मायक्रोलिटरमागे 300 किंवा अधिक असतील आणि आजार वारंवार बळावत असेल, तर स्टेरॉइडचा उपयोग होतो. 100 पेक्षा कमी असतील तर ते टाळावे, असे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वेही सांगतात. आपल्याकडे पोटात जंत असले तरी या पेशी वाढतात, म्हणून आकडा एकटा पुरत नाही. रोगाचे निदान मात्र फुंकून करायच्या स्पायरोमेट्रीशिवाय पक्के होत नाही. त्यासाठी बुलढाणा किंवा छत्रपती संभाजीनगर गाठावे लागले तरी ती एक फेरी चुकवू नये.

आणि आपल्या भागाचा प्रश्न वेगळा आहे. ‘टॉर्च’मध्ये फक्त धूम्रपान करणारे किंवा पूर्वी करणारे रुग्ण घेतले होते, पऱ्हाट्या, तुराट्या आणि गोवऱ्यांच्या चुलीपुढे आयुष्य घालवलेली बाई त्या चाचणीत बसलीच नसती. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी 2009 साली ‘लॅन्सेट’मध्ये दाखवले की सीओपीडीच्या रुग्णांत 25 ते 45 टक्के कधीच धूम्रपान न केलेले असतात. त्यात क्षयरोग इथे घरोघरी माहीत आहे. श्वासावाटे घेतलेल्या स्टेरॉइडने, विशेषतः मोठ्या मात्रेत, क्षयाचा धोका वाढल्याचे अनेक निरीक्षणात्मक अभ्यासांत दिसले आहे. पूर्वी क्षय होऊन गेलेल्या फुप्फुसात कारणाशिवाय स्टेरॉइड सोडणे मला अक्षम्य वाटते.

शेवटचा आक्षेप रुग्णाच्या बाजूचा आहे: ‘चालू असलेले स्टेरॉइड काढले तर आजार उसळेल.’ 2014 सालच्या ‘विज़्डम’ चाचणीत, श्वासनलिका रुंदावणारी दोन औषधे चालू ठेवून, जवळपास अडीच हजार रुग्णांपैकी निम्म्यांचे स्टेरॉइड टप्प्याटप्प्याने कमी करत बंद केले गेले. आजार बळावण्याचे प्रमाण लक्षणीय वाढले नाही, फुप्फुसाची क्षमता थोडी घटली. ज्यांच्या इओसिनोफिल पेशी 300 वर होत्या त्यांना मात्र त्रास वाढला. म्हणून पंप स्वतःहून बंद करू नये, आणि दमा असलेल्याने तर कधीच नाही. पुढच्या खेपेला रक्ताचा अहवाल आणि जुन्या क्षयोपचाराचे कागद सोबत घेऊन डॉक्टरांना विचारावे: माझ्या पंपात स्टेरॉइड आहे का, आणि ते माझ्यासाठी कशाला?